टॅफीचा पत्ता

३ जून, सोमवार

ग्रॅहम म्हणतो, रोज लिही. ग्रॅहम म्हणजे दर गुरुवारी आम्हा नऊ पुरुषांना गोल बसवून शहाणं करणारा माणूस. कोर्टानं पाठवलंय म्हणून जातो, नाहीतर त्याच्या लोकरी मोज्यांकडे बघत दोन तास कोण बसणार. राग आला की वही उघडायची आणि दहापैकी किती ते मांडायचं, असं त्याचं शास्त्र. आज दहापैकी दोन. उलट आज मी खुशीत आहे, कारण ऑफिसात कुऱ्हाड माझ्या हातात आली.

आमची कंपनी ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावात बसून पाळीव जनावरांची नोंद ठेवते. कुत्र्यामांजराच्या मानेत तांदळाएवढी चिप घालतात, तिचा पंधरा आकडी नंबर आणि मालकाचं नाव-पत्ता आमच्या डेटाबेसमध्ये असतो. जनावर हरवलं की चिप वाचायची, मालक सापडतो. एकोणीस वर्षांत या डेटाबेसभोवती इतका कोड साचलाय की कुणी कशासाठी लिहिला ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय तो कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या सात हजार चाचण्या. एक ओळ बदलली तरी सगळ्या चालवायच्या, सत्तेचाळीस मिनिटं जातात. लॅक्लन, आमचा साहेब, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. सकाळी म्हणाला, “ब्रेट, जून संपायच्या आत यातला तिसरा हिस्सा मला मेलेला हवाय.” म्हटलं, मारायचं काम माझं.

जनेल गेली त्याला आज सोळा आठवडे झाले. टॅफीलाही घेऊन गेली. कुत्री माझी होती, पिल्लू असताना मी आणली होती, कागदावर फक्त जनेलचं नाव घातलं होतं. कोर्टाचा हुकूम असा की तिच्याजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, कुठं राहते ते शोधायचंही नाही. मी तिला मारलेलं नाही, हे ग्रॅहमला मी पाचदा सांगितलं. मी दार लोटलं, तिचा हात मध्ये होता. दोन्ही वेळा.

५ जून, बुधवार

दोन दिवसांत नऊशे चाचण्या उडवल्या. काही चाचण्या अशा कोडच्या, जो कोड दहा वर्षांपूर्वीच बाद झाला. मेलेल्याची नाडी रोज सकाळी तपासायची आणि ‘ठीक आहे’ लिहायचं, तसला प्रकार. फाइल निवडतो, पुसतो, पुन्हा सगळं चालवतो, काही कोसळत नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत बरं वाटतं. जनेल गेल्यापासून एवढी शांत झोप लागली नव्हती.

लॅक्लननं शाळेची एक जुनी पितळी घंटा आणून ठेवलीय. हजार ओळी पुसल्या की वाजवायची. आज मी चारदा वाजवली. मॉइरानं चौथ्यांदा वर बघितलं. मॉइरा त्रेसष्टची आहे, कंपनी सुरू झाली तेव्हापासून इथं, आता फक्त मंगळवार-बुधवार येते. निम्म्या चाचण्या तिच्याच. कुठला कोड मार्चपासून एकदाही चाललेला नाही त्याची यादी मी यंत्राकडून काढून घेतलीय, ती तिला दाखवली. तिनं चष्मा काढून वाचली.

“वापरात नाही म्हणजे नकोच आहे असं नसतं, पोरा,” ती म्हणाली. “तुझ्या घरात आग विझवायचं नळकांडं आहे ना? ते काय रोज फवारतोस?”

म्हटलं, माझ्या घरात काही जळत नाही. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, बोटांची पेरं अजून सोललेली आहेत, आणि ती आपल्या पडद्याकडे वळली. बायकांची ही सवय मला आवडत नाही. बोलायचं तर बोला, हाताकडे काय बघता.

७ जून, शुक्रवार

आठवड्यात सगळ्यात जास्त पुसणारा शुक्रवारी सगळ्यांसाठी ‘पाय’, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्र्या, निवडतो. मी मटण-मिरीचे निवडले. संध्याकाळी सगळे पबमध्ये गेलो. टीव्हीवर फुटबॉल चालू होता. शेजारच्या टेबलावर एक प्लंबर होता, जनेलच्या बहिणीच्या ओळखीचा. मी काही बोललोच नव्हतो. तोच आपल्या मित्राला म्हणाला की हा बघ, याची कुत्रीसुद्धा याच्याजवळ राहिली नाही. सगळं टेबल हसलं.

नाक मोडताना गाजर मोडल्यासारखा आवाज येतो. तो खाली पडल्यावरही मी दोन दिले, ते द्यायला नको होते हे मान्य. लॅक्लननं मागून मिठी मारून मला बाहेर काढलं आणि गाडीत बसवलं. तक्रार होणार नाही, कारण आधी त्यानं ढकललं होतं, निदान ढकलायच्या बेतात होता. घरी आल्यावर टॅफीच्या रिकाम्या टोपलीला लाथ बसली. ती फुटली म्हणून जास्त वाईट वाटलं. रडलो. दहापैकी चार.

११ जून, मंगळवार

काल सुट्टी होती. इंग्लंडच्या राजाचा वाढदिवस, म्हणून. दिवसभर खोलीच्या छताकडे बघत पडलो.

आज यादीच्या तळाशी एक फोल्डर सापडलं. चौदा फाइली, चाळीस चाचण्या, सगळ्या मॉइराच्या हातच्या, त्यातला कोड मार्चपासून एकदाही वापरात न आलेला. काही नोंदींत मालकाचं नाव-पत्ता झाकून ठेवायचा आणि विचारणाऱ्याला फक्त ‘कंपनीशी बोला’ एवढंच दाखवायचं, असं काम. मी घंटेकडे हात नेतोय तोवर मॉइरा खुर्ची ढकलत माझ्याजवळ आली.

“बाकी हवं ते काप. याला हात लावू नकोस.”

मी विचारलं, हे लागतं तरी कुणाला. सहा वर्षांत अकरा कुत्री आणि दोन मांजरं, ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. “काही बायका नेसत्या कपड्यानिशी घर सोडतात, ब्रेट. कुत्रं मागं ठेवलं तर नवरा त्याच्यावर राग काढतो. बरोबर न्यावं तर आश्रयाच्या जागी कुत्र्याला घेत नाहीत. म्हणून मग...”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, नवऱ्याचीही एक बाजू असते, ती कुठल्या कोडमध्ये लिहिलीय? ती पुढं शांतपणे म्हणून-म्हणून करत काहीतरी समजावत होती. मी हेडफोन लावले. माणसानं किती ऐकायचं? पळून जाणाऱ्या बायकांची बाजू घेऊन चाळीस-चाळीस चाचण्या लिहितात आणि पगार घेतात. दहापैकी सहा, पण हात खाली ठेवले. ग्रॅहमला सांगायला हवं.

१३ जून, गुरुवार

आमच्याकडे रिवाज असा की एकानं बदल करायचा आणि दुसऱ्यानं वाचून हो म्हणायचं. दहा ओळी असतील तर लोक दहा चुका काढतात. दोनशे फाइली असतील तर कुणी वाचत नाही, ‘छान’ म्हणतात. या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते करतात.

आज दोनशे बारा फाइलींचा एकच गठ्ठा करून मी लॅक्लनकडे पाठवला. मॉइराच्या चौदाही त्यात होत्या. लबाडी म्हणावी का? नाही. ‘मार्चपासून वापरात नाही’ असं यंत्र म्हणतं, मी म्हणत नाही. मॉइरा आज नसते हा तिच्या कामाच्या वेळेचा प्रश्न. लॅक्लननं तीन मिनिटांत ‘छान’ लिहिलं आणि खाली कुऱ्हाडीचं चित्र टाकलं. चाचण्या आता एकोणतीस मिनिटांत संपतात. घंटा त्यानं स्वतः वाजवली.

संध्याकाळी ग्रॅहमच्या वर्तुळात माझी पाळी होती. आठवडा चांगला गेला, मी सांगितलं. काहीतरी निर्माण करण्यापेक्षा साफ करण्यात शांती आहे, असंही म्हणालो. ग्रॅहमनं ते फळ्यावर लिहिलं.

१४ जून, शुक्रवार

खऱ्या नोंदींची एक नक्कल आमच्या कामासाठी ठेवलेली असते. ती ठेवू नये असं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहून जातं. पुसापुसी केल्यावर सगळं धड आहे ना ते पाहायला कुठलातरी एक नंबर टाकून बघायचा असतो. मला पंधरा आकडे पाठ असलेला एकच नंबर आहे. त्यामुळे तोच टाकला, यात वेगळं काही नाही.

टॅफी. मादी, जात केल्पी, तांबडी. मालक: जनेल हॅलम. अजून माझं आडनाव लावते. पत्ता: क्लून्स, रस्ता, घर क्रमांक. पुढं एका रकान्यात नुसता ७. हा ७ कसला ते कळलं नाही, त्याचा अर्थ सांगणारा कोड कुठं दिसला नाही. असल्या अडगळीनं हा डेटाबेस भरलेला आहे.

क्लून्स. अर्ध्या तासावर. मला वाटलं होतं ती क्वीन्सलंडला गेली असेल, आईकडे. अर्ध्या तासावर बसून चार महिने मला कुत्र्यासारखं तडफडवलं.

मी काही केलं नाही. घरी आलो, भिंतीला दोन ठिकाणी भोक पाडलं, प्लास्टर फार पातळ आहे. मग भोकांसमोर खुर्ची ठेवली. दहापैकी किती ते लिहायचा कंटाळा आला.

१५ जून, शनिवार

गेलो नाही. म्हणजे गेलो, पण थांबलो नाही. रस्ता सगळ्यांचा आहे.

लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, अंगणात सरपणाचा ढीग. सरपण नीट रचलेलं, जनेलला असं कधी जमलं नाही. पडवीत पुरुषाचे बूट. मोठे, चिखलानं भरलेले. आतून टॅफी भुंकली. तिचा आवाज मी हजार कुत्र्यांत ओळखीन.

तर हे असं आहे. कोर्टात रुमाल डोळ्यांना लावून बसली होती, मनगटाला पट्टी होती, न्यायाधीशबाई तिला पाणी देत होत्या. आणि इकडं बूट. सतरा आठवड्यांत बूट. मला शिकवायला ग्रॅहम आणि तिला शेकायला शेगडी.

परत येताना एका वळणावर गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं आपटलं. कपाळाला टेंगूळ आलं. निदान ते माझं मी मारून घेतलं, त्याबद्दल कुणी हुकूम काढणार नाही.

१८ जून, मंगळवार

मॉइराला कळलं. नऊ वाजता आली, साडेनवाला माझ्या टेबलाशी उभी. ओरडली नाही. तिनं विचारलं की ते पुसलंस का, आणि मी म्हटलं, लॅक्लननं हो म्हटलंय. तिनं विचारलं की पुसल्यावर काही बघितलंस का. मी म्हटलं, नाही.

“त्या तेरा जनावरांपैकी एक कुत्री तुझी आहे ना?” ती म्हणाली. “मला आज सकाळी गाडी चालवताना सुचलं. त्या नोंदीवर तुझंच आडनाव आहे, हे आधी लक्षातच आलं नाही.”

माझ्या हातात कॉफीचा मग होता. तो मी भिंतीवर मारला, तिच्यावर नाही. तुकडा उडून तिच्या हनुवटीला लागला, तो तुकड्याचा दोष. रक्त फार आलं, हनुवटीला येतंच. लॅक्लन धावत आला, त्याला मी कॉलर धरून फ्रिजवर दाबलं. तो माझ्याकडे बघत होता, तसला चेहरा मी आधी पाहिलेला आहे. तो मला सहन होत नाही, तो चेहराच मला पुढं ढकलतो.

घरी पाठवलं. बिल्ला काढून घेतला. मॉइरा हनुवटीला रुमाल दाबून एका हातानं टाइप करत होती, माझं पुसलेलं परत घालत होती. जाताना तिनं मला हाक मारली. ब्रेट, ऐक, तो पत्ता... असं काहीतरी म्हणत होती. मी जिना उतरलो. त्या बाईकडून आता मला धमक्या ऐकायच्या नव्हत्या.

ती पोलिसांना कळवणार. जनेलला तिथून हलवतील. मग पुन्हा सोळा आठवडे, कदाचित कायमचं. फक्त बोलायचंय तिच्याशी. दहा मिनिटं. तिनं दार उघडून एकदा माझं ऐकून घेतलं तर सगळं निवळेल. उद्या सकाळी.

२४ जून, सोमवार

कोठडीत वही मिळाली. पेन जाड टोकाचं, मऊ, टोचता येऊ नये असं. उजवं मनगट टाक्यांत आहे, म्हणून अक्षर वाकडं.

बुधवारी दहाच्या सुमाराला गेलो. दार वाजवलं. साखळी लावून एका म्हाताऱ्यानं दार फटीएवढं उघडलं. मोठे बूट, हिरवा स्वेटर. मी म्हटलं, तिला बाहेर पाठव. तो म्हणाला, कुणाला? आणि मी दार लोटलं. साखळी तुटली, दार त्याच्या तोंडावर बसलं.

आत शेगडी पेटलेली. टेबलावर एक कप, एक ताटली, अर्धं टोस्ट. मी खोल्या बघितल्या. एक पलंग, एक उशी. कपाटात बाईचं काही नाही. मला वाटलं, लपवलंय. हे लोक लपवण्यात पटाईत असतात. म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला होता, नाकातून रक्त येत होतं, आणि फोनकडे हात नेत होता. शेगडीजवळचा लोखंडी गज माझ्या हातात कसा आला ते मला सांगता येत नाही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला.

टॅफी टेबलाखाली होती. माझा आवाज ऐकताच तिनं तिथंच मुतून ठेवलं. मी तिला नावानं हाक मारली. ती सरपटत बाहेर आली, मला वाटलं माझ्याकडे येतेय, तर म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. सगळे दात दाखवले. चार महिन्यांत मला विसरली असणार, कुत्र्यांचं असंच असतं. मी गज पुन्हा उचलला तेव्हा तिनं मनगट धरलं आणि हाडापर्यंत दात रुतवले. मी तिला आपटलं. तरी सोडेना. मग डाव्या हातानं मारलं, तिला नाही, त्याला. किती वेळा ते पोलीस सांगतात. मला तीन आठवतात.

मॉइरानं मंगळवारीच पोलिसांना कळवलं होतं. ते जनेलकडे गेले, ती जिथं आहे तिथं. क्लून्सला कुणी गेलं नाही. तिथं तिला धोका नव्हता, कारण ती तिथं नव्हती.

म्हाताऱ्याचं नाव कीथ ऑजर्स. शहात्तर वर्षांचा. आधी मेंढ्यांची लोकर कातरायचा. इस्पितळात आहे, शुद्धीवर नाही.

२ जुलै, मंगळवार

वकीलबाई सकाळी आल्या. वही लिहू नका म्हणतात, कुणी मागितली तर द्यावी लागेल. कीथ ऑजर्स रविवारी सकाळी गेला. आता कलम बदलेल.

त्यांनी पोलिसांकडची कागदपत्रं आणली होती. त्यात मॉइराचा जबाब होता आणि तिच्या चौदांपैकी मी पुसलेल्या पहिल्या फाइलीचं पान छापलेलं. वर मॉइरानं तीन ओळींची टीप लिहिलेली होती. मी फाइल पुसण्याआधी उघडलीसुद्धा नव्हती. टीप अशी: रकान्यात ७ असेल तर पत्ता मालकिणीचा नाही. जनावर तात्पुरतं सांभाळणाऱ्याचा आहे. हा माणूस कुणाचा काही लागत नाही, त्याचं रक्षण करा.

हे तिनं मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. तीन ओळी चौदा फाइलींच्या तोंडावर पुरतात का? मी वकीलबाईंना तसं म्हटलं. त्यांनी पान परत पिशवीत घातलं.

जनेल कुठं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तिनं कीथला कधी पाहिलंच नव्हतं, अशा कुत्र्यांना आसरा शोधून देणाऱ्या संस्थेनं परस्पर सोय केली होती. आता ती त्याच्या मुलीला भेटून आली. तिच्यासमोर बसून माफी मागत होती म्हणे. कशाबद्दल? तिनं काय केलंय? मला चार दिवस झोप नाही. डोळे मिटले की तो कप आणि ते अर्धं टोस्ट दिसतं. मला भीती वाटते, कुणाची ते सांगता येत नाही.

जाताना वकीलबाईंनी विचारलं की मारण्याआधी किंवा मारताना तो काही बोलला का. तुम्हाला शिव्या दिल्या का, धमकावलं का, त्याचा उपयोग होऊ शकतो. मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं. दर फटक्याआधी मी विचारत होतो की ती कुठं आहे. आणि तो दर वेळी तेच म्हणत होता: “ती इथं कधी आलेलीच नाही रे बाबा, मी फक्त कुत्री सांभाळतो.” मी म्हणत होतो, खोटं बोलू नकोस, मी डेटाबेसमध्ये बघितलंय. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडात पुढचे दात नव्हते, तरी त्यानं सगळं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगितलं, जणू मला ऐकू गेलं नसेल म्हणून.